बारा हजार डॉलर आणि 2000 च्या दशकातली जपानी स्पोर्ट्स कार: कोणती घ्यावी, कशी तपासावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एडिसनजवळ घर, रोजच्या कामाला एक साधी गाडी आहेच. आता शनिवार-रविवारी मनसोक्त चालवायला 2000 ते 2009 या काळातली, मॅन्युअल गिअरची जपानी स्पोर्ट्स कार हवी आहे. बजेट 12,000 डॉलर. ऑइल आणि ब्रेक पॅड स्वतः बदलता येतात, इंजिन मात्र कधी उघडलेलं नाही. यादीत माझदा मियाटा, माझदा आरएक्स-8, निसान 350झेड, होंडा एस2000 आणि टोयोटा एमआर2 स्पायडर. यातली कोणती?

माझं सरळ उत्तर: 2001 ते 2005 मधली, गंज नसलेली आणि कंपनीतून निघाली तशीच राहिलेली मियाटा. गाडीसाठी साडेनऊ हजारांच्या वर जाऊ नका. उरलेले अडीच हजार बाजूला ठेवा, पहिल्या वर्षात ते लागतातच. वीस वर्षांच्या गाडीत रबर, पाइप, टायर आणि द्रव पदार्थ यांचं आयुष्य मीटरवर नाही, कॅलेंडरवर संपतं. त्यामुळे चाळीस हजार मैलच चाललेली गाडीही यातून सुटत नाही.

आता मियाटाच का, ते सांगतो. यादीतल्या गाड्यांची वजनं बघा. एमआर2 स्पायडर साधारण 1,000 किलो, मियाटा 1,080 च्या आसपास, एस2000 सुमारे 1,275, आरएक्स-8 1,380 आणि 350झेड 1,450. मियाटाच्या 1.8 लिटर इंजिनाची ताकद अवघी 142 अश्वशक्ती, 350झेडची त्याच्या दुप्पट. पण न्यू जर्सीच्या वळणदार गावरस्त्यावर कायद्यात राहून चालवायचं तर 350झेड दुसऱ्या गिअरमध्येच वेगमर्यादेबाहेर जाते आणि गंमत सुरू होण्याआधीच पाय उचलावा लागतो. मियाटात तुम्ही गिअर पूर्ण ताणता, वळणाआधी ब्रेक मारता, खाली गिअर टाकता, आणि तरी वेग चाळीस-पन्नास मैलांच्या आतच असतो. शिवाय हलक्या गाडीचे टायर आणि ब्रेक स्वस्त पडतात आणि जास्त टिकतात. मियाटाचे टायर 15 किंवा 16 इंची, 350झेडचे बहुधा 18 इंची. चार टायरच्या बिलातला फरक डोळ्यात भरण्याइतका असतो.

एस2000 ही या यादीतली सर्वात सरस गाडी आहे, यात मला शंका नाही. 2000 ते 2003 मधलं दोन लिटरचं इंजिन 8,300 आरपीएमला 240 अश्वशक्ती देतं, लाल रेघ (इंजिन फिरवण्याची कमाल मर्यादा) 8,900 वर. टर्बोशिवाय रस्त्यावरच्या गाडीत असं काही फारच थोड्यांनी केलं. 2004 पासून अमेरिकेत 2.2 लिटर इंजिन आलं. लाल रेघ 8,000 वर उतरली, पण खालचा ओढा वाढला आणि मागच्या सस्पेन्शनची भूमिती बदलल्याने वेगात वळताना गाडीची मागची बाजू एकदम सुटण्याची खोड कमी झाली. अडचण एवढीच की चांगल्या एस2000 च्या किमती तुमच्या बजेटच्या बऱ्याच वर गेल्या आहेत. बारा हजारांत जी मिळेल ती अपघातातून उठलेली किंवा शर्यतीच्या ट्रॅकवर पिळून निघालेली असण्याची शक्यता मोठी. या इंजिनात सगळ्यात मोठा धोका चुकीच्या गिअरचा. पाचव्यातून चौथ्यात टाकायला जाऊन हात दुसऱ्यात गेला, की चाकंच इंजिनाला मर्यादेबाहेर फिरवतात आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या वरची टोपी, म्हणजे रिटेनर, चिरतो. इंजिन लगेच मरत नाही. काही महिन्यांनी व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो. तपासायचं असेल तर वरचं झाकण काढून सोळाही रिटेनरमधले कीपर (रिटेनर व्हॉल्व्हला अडकवणाऱ्या बारीक पाचरी) एका उंचीवर आहेत का ते बघावं लागतं. एखादा खोल बसलेला दिसला तर तिथूनच परत फिरा. विकणारा झाकण काढू देत नसेल, तर बजेट असूनही ती गाडी घेऊ नये.

आरएक्स-8 नेमकी तुमच्या बजेटमध्ये बसते, उलट स्वस्तच वाटते. म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहितो. चेसिस अप्रतिम, स्टिअरिंग मियाटाच्या तोडीचं, चार माणसं बसतात. पण तिच्यात पिस्टन नाहीत, दोन तिकोनी रोटर आहेत, आणि रोटरच्या टोकावरच्या सील झिजल्या की इंजिन संपलं. मॅन्युअल गाडीची ताकद सुरुवातीच्या वर्षांत 238 अश्वशक्ती. ती टिकवायची तर काही सवयी अंगी बाणवाव्या लागतात. हे इंजिन सील ओल्या ठेवण्यासाठी मुद्दामच ऑइल जाळतं, म्हणून दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक बघायचीच. थंड इंजिन सुरू करून गाडी दहा फूट सरकवून बंद करायची नाही, नाहीतर आत पेट्रोल साचतं आणि पुन्हा सुरू होत नाही. इग्निशन कॉइल कमजोर झाल्या की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जातं, तो तापून चोंदतो, धूर बाहेर पडायला वाट उरत नाही, उष्णता इंजिनात अडकते आणि सील जातात. म्हणजे चार कॉइल वेळेवर न बदलल्याने अख्खं इंजिन जाऊ शकतं. साधारण तीस हजार मैलांना कॉइल, प्लग आणि वायरी एकदम बदलणारे मालक सहसा पस्तावत नाहीत.

घ्यायचीच असेल तर कॉम्प्रेशन टेस्टशिवाय (इंजिन आतली हवा किती दाबतं ते मोजल्याशिवाय) आरएक्स-8 ला हात लावू नका. साधं गेज चालत नाही. रोटरीचं वेगळं यंत्र लागतं, कारण ते प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे आकडे वेगळे दाखवतं. 250 आरपीएमला धरलेला आकडा 6.9 किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या खाली गेला, किंवा एकाच रोटरच्या बाजूंमध्ये दीडपेक्षा जास्त फरक आला, तर इंजिन कंपनीच्याच मापाने बाद. नवं निरोगी इंजिन साधारण साडेआठ दाखवतं. यंत्र नसेल तर निदान एवढं करा: गाडी वीस मिनिटं चालवून पूर्ण तापवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. स्टार्टर बराच वेळ घरघरत राहिला तर कॉम्प्रेशन घसरलंय असं समजा. 2004 ते 2008 च्या गाड्यांना माझदाने इंजिनाची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली होती. ती केव्हाच संपली, पण त्या काळात इंजिन बदलून मिळालेल्या गाड्या बाजारात आहेत. तसं बिल असेल तर ते जरूर बघा. 2009 पासूनच्या गाड्यांत ऑइल सोडणारे इंजेक्टर वाढवले आणि ऑइलचा दाबही सुधारला, म्हणून त्या जास्त भरवशाच्या.

350झेड आवडत असेल तर वर्ष बघून घ्या. 2003-04 च्या गाड्यांत गिअरबॉक्सचे सिंक्रो (गिअर न वाजता बसवणाऱ्या कड्या) कच्चे निघाले आणि पुढचे टायर आतून करवतीसारखे झिजायचे. 2006 च्या मॅन्युअल गाड्यांतलं 300 अश्वशक्तीचं इंजिन ऑइल पितं. 2007-08 मधलं 306 अश्वशक्तीचं इंजिन त्यातलं उत्तम, पण त्याच्या पुढच्या कव्हरमागे ऑइलच्या वाटेवर कागदी गॅस्केट आहे. ते फाटलं की ऑइलचा दाब पडतो आणि ते बदलायला इंजिनाचा पुढचा भाग उघडावा लागतो. तुमच्या हत्यारांच्या पेटीचं ते काम नाही.

एमआर2 स्पायडर मियाटाच्या सर्वात जवळची. इंजिन मधोमध, वजन सर्वात कमी, 138 अश्वशक्ती. सामानाला जागा जवळजवळ नाहीच. सीटमागे दोन पिशव्या ठेवल्या की संपली. 2000 ते 2002 च्या इंजिनात पिस्टन रिंगांमधून ऑइल जळतं. त्यातच एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये बसवलेल्या छोट्या कॅटॅलिटिकची चिनीमाती फुटून तिची भुकटी इंजिनात उलटी ओढली जाते आणि सिलिंडरच्या भिंती ओरखडून काढते. मॅनिफोल्डवरचा ऑक्सिजन सेन्सर काढून भोकातून टॉर्च मारला तर आतली जाळी शाबूत आहे की नाही ते दिसतं. 2003 नंतरची, ऑइल न खाणारी मिळाली तर ती मियाटाइतक्याच आनंदाने घ्या.

आता मियाटाकडे. हिला इंजिनाचा नाही, गंजाचा शाप आहे. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते पत्र्याच्या घड्यांमध्ये वर्षानुवर्षं बसून राहतं. शक्य असेल तर गाडी जॉर्जिया, कॅरोलिना, टेक्सास इकडून शोधा आणि ट्रकवर घालून आणा. तिकडची गाडी उन्हाने छत आणि डॅशबोर्ड खाल्लेली असेल, पण छत बदलता येतं. आतून कुजलेली चौकट बदलता येत नाही.

गंज शोधायला दोन जागा नीट बघायच्या. पहिली, मागच्या चाकाच्या लगेच पुढे, दरवाजाखालच्या पत्र्याच्या पट्टीचं टोक. जमिनीवर आडवं व्हा, हात खालून घाला आणि पट्टीची खालची कड अंगठ्याने दाबत मागे चाकापर्यंत या. पत्रा ताठ लागला पाहिजे. फुगवटा, कुरकुर किंवा रंगाखाली पापुद्रा लागला तर आतून गंज बाहेर आलाय. तिथे लोहचुंबकही लावा. तो चिकटत नसेल तर लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलाय. हा गंज येतो कुठून, तर कापडी छतावरचं पाणी सीटमागच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांतून नळीने खाली जातं. पानं आणि धूळ साचून नळी तुंबली की पाणी पट्टीत मुरतं. म्हणून छत उघडून दोन्ही भोकांत हळूहळू अर्धा-अर्धा लिटर पाणी ओता. ते लगेच मागच्या चाकापुढे गाडीखाली पडलं पाहिजे. पडलं नाही तर सीटमागचा गालिचा दाबून बघा, तो बहुधा ओलाच असतो. मालकाला आधी विचारून करा. नकार आला तर तोही एक निष्कर्षच.

दुसरी जागा जास्त वाईट आणि जास्त लपलेली: पुढच्या चाकांमधून मागे जाणारे चेसिसचे दोन दांडे. 1999 ते 2005 च्या मियाटात ते पुढच्या भागात दुहेरी पत्र्याचे आहेत आणि दोन पत्र्यांच्या मधून कुजतात. वरून काळा रंग झकास दिसतो. गाडी लिफ्टवर किंवा भक्कम स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दांडा ठोकत जा. खणखणीत आवाज हवा. भद्द आवाज आला किंवा पत्रा आत गेला, तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडा. पुढचं सस्पेन्शन तिथेच अडकवलेलं असतं. अंडरकोटिंगचा ताजा, जाड, चकचकीत थर दिसला तर तो गंज रोखायला मारलाय की झाकायला, हा प्रश्न मालकाला तोंडावर विचारा.

इंजिन बघायला जाण्याआधी फोनवर सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्या दिवशी थंड इंजिनाची तपासणी झालीच नाही असं समजा. सुरू होताना निळसर धुराचा एकच झोत आला तर व्हॉल्व्हच्या सील कडक झाल्यात, यावर भाव कमी करता येतो. एक्सेलरेटर दाबल्यावर सतत निळा धूर आला तर रिंगा गेल्यात, सोडा. गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांमधली पट्टी) गेलंय. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी मूळची काळी असते. तिला तपकिरी-हिरवट रंग चढला असेल तर ती ठिसूळ झालीय आणि एखाद्या उन्हाळ्यात चिरणार. रेडिएटर महाग नाही, पण चिरल्यावर गाडी तशीच रेटली तर हेड वाकतं.

गिअरबॉक्सच्या बाजूला इंजिनाखाली क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या दाबाने क्लच ढकलणारा) आहे. त्याचं रबरी बूट किंचित मागे सारा. आत ओल असेल तर तो गळतोय. मियाटात हे इतकं सर्रास आहे की नकार देण्याचं कारण नाही. वरचा मास्टर सिलिंडर, खालचा स्लेव्ह आणि मधला लवचीक पाइप असं तिन्ही एकदम बदला. एकच बदलला तर महिन्या-दोन महिन्यांत दुसरा गळायला लागतो. टायमिंग बेल्ट दर 60,000 मैलांचा. बिल किंवा इंजिनावरचं स्टिकर दिसलं नाही तर बदललेला नाही असंच धरायचं, आणि बदलताना पाण्याचा पंप, टेन्शनर, आयडलर आणि पुढच्या ऑइल सील हे सगळं त्याच वेळी टाकायचं, कारण नव्वद टक्के मेहनत तिथवर पोचण्याचीच असते.

1996 पासूनच्या सगळ्या गाड्यांना ओबीडी-2 चं सॉकेट (गाडीच्या संगणकातले दोष वाचण्याची जागा) आहे. वीस-तीस डॉलरचा स्कॅनर लावा, पण नुसते फॉल्ट कोड बघून थांबू नका. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने उत्सर्जनाच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का, ते बघा. कोड एकही नाही पण बरेच मॉनिटर 'तयार नाही' म्हणतायत, तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत. अशी गाडी न्यू जर्सीच्या उत्सर्जन चाचणीतही अडकते. कॅटॅलिटिक काढून टाकलेल्या गाडीची तीच गत.

चालवताना निदान वीस मिनिटं घ्या. थंड गिअरबॉक्समध्ये दुसरा गिअर थोडा अडखळला तर चालेल, पण तापल्यावरही कर्रकन वाजला तर सिंक्रो गेलाय. चौथ्या गिअरमध्ये चाळीस मैलांवर एक्सेलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा वर पळाला आणि वेग तिथेच, तर क्लच घसरतोय. रस्ता मोकळा बघून हळूच डावी-उजवीकडे झोका द्या. घूं आवाज एका बाजूला वाढत असेल तर चाकाचं बेअरिंग. नक्षी भरपूर दिसली तरी टायरच्या अंगावरचे शेवटचे चार आकडे वाचा. 2316 म्हणजे 2016 चा तेविसावा आठवडा. सात-आठ वर्षांचं रबर कडक होतं आणि पावसात पकड सोडतं. त्यावर चालवून गाडीच्या स्वभावाबद्दल मत बनवू नका.

इंजिनाला मागाहून बसवलेला टर्बो, कापलेल्या स्प्रिंगा, जमिनीला टेकलेली गाडी, अनोळखी ट्यूनिंग, यातलं काहीही असलं तर पुढची गाडी बघा. कोणी, कशावर, किती दाबावर हे काम केलं ते कागदावर सिद्ध होत नाही. चांगल्या कंपनीचे शॉकअब्सॉर्बर आणि नीट बोल्ट केलेला रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा दांडा) मात्र चालेल. दोन्ही गोष्टी समजून-उमजून गाडी चालवणारा माणूस बसवतो.

कागदांत टायटल (मालकीचा दाखला) 'सॅल्व्हेज' (मोडीत काढलेली) किंवा 'रिबिल्ट' (मोडीतून पुन्हा उभी केलेली) नाही याची खात्री करा. 2010 आणि त्याआधीच्या मॉडेलना आता विक्रीच्या वेळी मीटरचं अधिकृत निवेदन देण्याची सक्ती नाही, त्यामुळे मैलांचा आकडा जुन्या बिलांच्या आणि तपासणीच्या तारखांशी जुळवून घ्यावा लागतो. त्या काळातल्या बऱ्याच जपानी गाड्यांच्या दरवाजांवर, बॉनेटवर आणि फेंडरवर (चाकांवरच्या पत्र्यांवर) गाडीचा क्रमांक छापलेलं छोटं स्टिकर असतं. एखाद्या भागावर ते नसेल किंवा त्यावर 'आर' छापलेला असेल, तर तो भाग बदललेला आहे. बदलला म्हणून वाईट नाही, पण का बदलला ते विचारायला हवं.

पुढे-मागे भारतात परतताना गाडी घेऊन जाऊ, असा विचार मनात असेल तर तो आत्ताच सोडा. भारतात तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आयात करता येत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडेच लागतं. ही गाडी इथेच विकायची आहे असं धरून घ्या. मूळ स्थितीतली, बिलं सांभाळलेली मियाटा विकायला वेळ लागत नाही, हेही तिच्या बाजूचंच कारण.

घरी आणल्यावर क्रम असा ठेवा. आधी टायर आणि ब्रेक फ्लुइड. मग टायमिंग बेल्ट आणि कूलंट, कूलंट सहा लिटर लागतं. इंजिन ऑइल फिल्टरसकट 3.8 लिटर. गिअरबॉक्समध्ये 75डब्ल्यू-90 ऑइल, शक्यतो जीएल-4 प्रतीचं, पाच गिअरच्या डब्याला दोन लिटर आणि सहाच्या डब्याला पावणेदोन. डिफरन्शियलला (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याला) एक लिटर. हे सगळं तुमच्या हातचं काम आहे. भरायचं झाकण आधी उघडा, मग खालचं. वरचं अडकलेलं असेल आणि ऑइल काढून बसलात तर गाडी तिथेच राहील. सगळ्यात शेवटी, ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्याइतकं वजन ठेवून अलाइनमेंट करून घ्या: पुढे कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेरचा कल) उणे एक अंश, मागे उणे सव्वा ते दीड, पुढचा टो (चाकांची पुढची टोकं आत-बाहेर वळलेली असणं) शून्य, मागे दोन्ही चाकं मिळून दीड मिलिमीटर आत. अलाइनमेंटचे बोल्ट गंजून अडकलेले असतात, म्हणून आदल्या दोन दिवसांत त्यांवर गंज सोडवणारं तेल मारत राहा आणि दुकानात हे आकडे कागदावर लिहून द्या, नाहीतर ते 'मर्यादेत आहे' म्हणून गाडी परत देतात.